हिऱ्याच्या टोकाखाली दात

दात किती कठीण आहे हे मोजायचं असेल तर त्याला हिरा टोचतात. चौकोनी पायाचा, टोकदार, इवलासा पिरॅमिड असतो. त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये बरोबर १३६ अंशांचा कोन. साधारण शंभर ग्रॅमचा भार देऊन हे टोक दहा-पंधरा सेकंद दातावर टेकवायचं, उचलायचं आणि उमटलेला खड्डा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. खड्ड्याचा कर्ण जितका लांब तितका दात मऊ. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात इंग्लंडमधल्या व्हिकर्स कंपनीत पोलादासाठी ही पद्धत घडवली गेली, म्हणून या मापाला व्हिकर्स काठिण्य म्हणतात. धातूसाठी बनलेलं हे माप पुढे माणसाच्या दातापर्यंत येऊन पोहोचलं.

माणसाच्या निरोगी इनॅमलचं, म्हणजे दातावरच्या आवरणाचं, व्हिकर्स काठिण्य साधारण ३०० ते ३५० भरतं. समजा ३२० आलं. शंभर ग्रॅम भाराखाली उमटलेल्या खड्ड्याचा कर्ण मग सुमारे २४ मायक्रोमीटर असतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा एक तृतीयांश. त्याची खोली साडेतीन मायक्रोमीटरही नसते. आता याच दाताचं काठिण्य दहा टक्क्यांनी उतरलं तर? कर्ण होतो साधारण २५.४ मायक्रोमीटर. फरक सव्वा ते दीड मायक्रोमीटरचा. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची असते, तिचाही पाचवा-सहावा हिस्सा. दात पांढरे करून घेतल्यावर ते मऊ पडतात का, या प्रश्नाचं उत्तर एवढ्याशा फरकात शोधावं लागतं. गेली तीसेक वर्षं जगभरातले दंतसंशोधक हे काम चिकाटीने करत आहेत. त्यांच्या हाती जे लागलं ते इतकं विलक्षण आहे की लग्नाआधी दात चमकवायला निघालेल्या प्रत्येकाला ते सांगावंसं वाटतं.

पण आधी हे पाहायला हवं की तो हिरा टेकतो कशावर.

इनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्यातला सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. उरलेल्यात तीनेक टक्के पाणी आणि जेमतेम एक टक्का प्रथिनं. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सीअपॅटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेटचा स्फटिक. अपॅटाइट हे नाव भूगोलाच्या किंवा भूशास्त्राच्या पुस्तकात भेटलेलं असेल. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. त्यात तळाशी शंखजिरं, माथ्यावर हिरा आणि पाचव्या पायरीवर अपॅटाइट. तोंड उघडून आरशात बघितलं की आपण त्या उतरंडीतल्या पाचव्या पायरीच्या भाऊबंदांकडे बघत असतो.

हा दगड शरीराने घडवला कसा, ही गोष्ट मला कुठल्याही लेण्याच्या कोरीवकामापेक्षा कमी थक्क करत नाही. अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी ओळीने उभ्या राहून तो रचतात. प्रत्येक पेशी मागे सरकत जाते आणि जाता जाता आपल्यामागे खनिजाचा एक दांडा सोडत जाते. दांड्याची जाडी पाचेक मायक्रोमीटर, रोजची वाढ साधारण चार मायक्रोमीटर. दिवस-रात्रीच्या लयीप्रमाणे या वाढीवर बारीक आडव्या खुणा उमटतात, झाडाच्या वर्षवलयांसारख्या, फक्त इथे एक खूण म्हणजे एक दिवस. दुधाच्या दातांत तर एक ठळक रेघही सापडते, बाळ जन्मलं त्या दिवसाची. त्या रेघेच्या आतलं इनॅमल आईच्या पोटात तयार झालेलं, बाहेरचं या जगात.

वरच्या जबड्यातल्या समोरच्या कायमच्या दातांचं इनॅमल मूल तीन-चार महिन्यांचं असताना बनू लागतं आणि चार-पाच वर्षांचं होईपर्यंत पुरं होतं. दात हिरडीतून वर येतो तो त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. तो वर येतो तेव्हा अमेलोब्लास्ट पेशी संपलेल्या असतात. त्या परत कधीच येत नाहीत. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरून येते, पण इनॅमलचा टवका उडाला तर शरीराजवळ तो पुन्हा घडवणारा कारागीर उरलेला नसतो. चाळिशीत आपण ज्या पृष्ठभागावर पांढरं करण्याची जेल लावून घेतो, तो आपण बालवाडीत जाण्याच्या सुमारास पूर्ण झालेला असतो. म्हणूनच तो मऊ तर पडणार नाही ना, ही काळजी अगदी रास्त आहे.

आता रंगाचं. इनॅमल स्वतः फार पिवळं नसतं. ते अर्धपारदर्शक असतं. त्याच्या खाली डेंटिन असतं, तेच पिवळसर असतं आणि इनॅमलमधून त्याची छटा बाहेर दिसते. डेंटिन बरंच मऊ, त्याचं व्हिकर्स काठिण्य साठ-सत्तरच्या आसपास. त्यात खनिज सत्तर टक्के, बाकीचं कोलॅजेन आणि पाणी. वय वाढतं तसं इनॅमल झिजून पातळ होतं, आतलं डेंटिन जाड आणि गडद होतं, आणि दात पिवळे दिसू लागतात. दिवसातून दोनदा नीट ब्रश करणाऱ्याचेही. ही अस्वच्छता नव्हे, हे वय आहे. चहा, कॉफी, तंबाखू, पान यांचे डाग याच्या वर चढतात. त्यांचे रंगीत रेणू आधी पृष्ठभागावर बसतात आणि मग हळूहळू आत झिरपतात.

वरवर बसलेला डाग दाताचे डॉक्टर स्केलिंग आणि पॉलिशिंग करून काढतात. किटणही त्याच वेळी निघतं. बहुतेकांना खरं तर एवढंच पुरतं. आत मुरलेला रंग मात्र घासून निघत नाही. तिथपर्यंत पोहोचणारं रसायन लागतं, आणि ते रसायन दोनशे वर्षं जुनं आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई जाक तेनार यांनी १८१८ मध्ये ते पहिल्यांदा तयार केलं. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू जादा, एवढंच. एकोणिसाव्या शतकातच दंतवैद्य त्याने दात उजळवायचे प्रयोग करू लागले होते. पण घरी ट्रे घालून दात पांढरे करण्याची आजची पद्धत मात्र अपघाताने सापडली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्यात, फोर्ट स्मिथ गावात, बिल क्लुसमायर नावाचे ऑर्थोडॉन्टिस्ट होते. हिरड्या सुजलेल्या रुग्णांना ते दात जागेवर ठेवणाऱ्या रिटेनरमध्ये एक जंतुनाशक औषध घालून रात्री लावायला सांगत. त्या औषधात १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइड होतं. हिरड्या बऱ्या झाल्याच, शिवाय दातही उजळलेले दिसले. ही गोष्ट दंतवैद्यांमध्ये तोंडोतोंडी फिरत राहिली. अखेर १९८९ मध्ये व्हॅन हेवुड आणि हेरल्ड हायमन यांनी रात्रभर ट्रे घालण्याची ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली, आणि जगभर तिचा प्रसार झाला.

कार्बमाइड पेरॉक्साइड म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि युरिया यांची जोडगोळी. १० टक्क्यांच्या जेलमधून साधारण साडेतीन टक्के पेरॉक्साइड सुटतं आणि साडेसहा टक्के युरिया. युरियाचा काही भाग पुढे मोडून अमोनिया बनतो. इथे थोडं थांबून मागे बघावंसं वाटतं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोममध्ये कातुल्लुस नावाच्या कवीने एग्नेशियस नावाच्या माणसाची यथेच्छ टर उडवली होती. हा स्पेनकडचा माणूस, सदा दात दाखवून हसणारा, आणि त्याच्या मुलखात लोक मुताने दात घासतात म्हणून ते इतके चमकतात, असा कवीचा रोख. शिळ्या मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो साफ करतो, हे त्या मुलखातल्या लोकांना अनुभवाने कळलेलं असणार. दोन हजार वर्षांनी तोच युरिया, आता कारखान्यात शुद्ध केलेला, दाताच्या जेलमध्ये परतला. त्याचं काम मात्र वेगळं आहे. अमोनिया अल्कधर्मी असल्याने जेल आंबट होऊ देत नाही. ही बाब लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर सगळं येऊन ठेपणार आहे.

पेरॉक्साइडचा रेणू फार लहान. इनॅमलच्या दांड्यांमध्ये आणि स्फटिकांमध्ये अतिसूक्ष्म फटी असतात, त्या पाण्याने भरलेल्या असतात. त्या पाण्यातून तो आत सरकतो. इनॅमल ओलांडून, डेंटिनमधल्या नळ्यांतून, दाताच्या गाभ्यातल्या जिवंत पल्पपर्यंत पोहोचायला त्याला पाच ते पंधरा मिनिटं पुरतात. शरीरातल्या सर्वांत कठीण भिंतीतून एक रसायन पाव तासाच्या आत आरपार जातं! व्हाइटनिंगनंतर थंड पाणी प्यायल्यावर दातांत जी कळ जाते, तिचं मूळ यात आहे. ही कळ अनेकांना येते आणि बहुधा काही दिवसांत शमते. ती आली म्हणजे दात मऊ झाला, असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्यांची सतत गल्लत करतात.

आत पोहोचल्यावर पेरॉक्साइड रंगीत रेणू शोधत बसत नाही. ते ऑक्सिजन देतं आणि ज्याचं ऑक्सिडेशन होऊ शकतं त्याचं करतं. रंगीत रेणूंमध्ये कार्बनच्या एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते. प्रकाश शोषून रंग दाखवते ती हीच साखळी. ती तुटली की रेणू लहान होतो, प्रकाश शोषेनासा होतो. डाग तिथून धुऊन गेलेला नसतो, तो फक्त रंगहीन होतो.

मग खनिजाचं काय? मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो तो हा भाग. राख पुन्हा पेटत नाही. जे जळायचं ते जळून झालेलं असतं, म्हणून तिच्यावर कितीही फुंकर घातली तरी काही होत नाही. हायड्रॉक्सीअपॅटाइटचं तसंच आहे. त्यातल्या फॉस्फरसने जितका ऑक्सिजन घ्यायचा तितका घेऊन झालेला आहे, कॅल्शियमकडेही द्यायला काही उरलेलं नाही. ऑक्सिडेशनच्या भाषेत हा स्फटिक तृप्त आहे. पेरॉक्साइडला त्याच्याकडून काढून घेण्यासारखं काहीच सापडत नाही. इनॅमलचा ९६ टक्के भाग ज्या पदार्थाचा आहे, त्याला हात लावायची ताकद मुळात या रसायनात नाही.

उरतो तो एक टक्का प्रथिनांचा. ती स्फटिकांना आणि दांड्यांना धरून ठेवायला मदत करतात, आणि त्यांचं मात्र ऑक्सिडेशन होऊ शकतं. शिवाय जेलमध्ये घट्टपणासाठी घातलेले पदार्थ, टिकाऊपणासाठी ठेवलेली आम्लता, ही सगळी वेगळी मंडळी आहेत. प्रयोगशाळेत काठिण्य कधी उतरताना दिसतं तर कधी नाही, यामागे पेरॉक्साइडपेक्षा ही मंडळी जास्त आहेत.

झ्युरिकमधले थॉमस अटिन आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये या विषयावरचे पन्नासच्या वर अभ्यास एकत्र मांडून पाहिले. ब्लीचिंगनंतर लगेच घेतलेली १६६ मोजमापं त्यांच्या हाती आली. त्यांतल्या ८४ मध्ये काठिण्य घटलं होतं, ८२ मध्ये घटलं नव्हतं. नाणेफेकीचा निकालही याहून फार वेगळा लागत नाही! पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: दाताला काही काळ विसावा दिल्यावर काय दिसतं? तेव्हा घट सुमारे २९ टक्के मोजमापांतच उरली होती. बाकी ७१ टक्क्यांत ती दिसली नाही. आणि ज्या प्रयोगांत दात कृत्रिम लाळेऐवजी माणसाच्या खऱ्या लाळेत ठेवले होते किंवा फ्लोराइड वापरलं होतं, तिथे घट दिसण्याचं प्रमाण कमी होतं.

लाळ. सगळं गुपित तिथे आहे.

रोज अर्धा ते दीड लिटर लाळ आपल्या तोंडात येते आणि आपण ती गिळून टाकतो, तिच्याकडे कधी कौतुकाने पाहत नाही. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं विरघळलेलं असतं की ते खाली बसून त्याचा दगड व्हायला हवा. तसा तो होत नाही, कारण लाळेतलीच स्टॅथेरिनसारखी प्रथिनं त्याला रोखून धरतात. त्यामुळे लाळ हा एक तयार मसाला होऊन राहतो: जिथे इनॅमलमधून खनिज निघून गेलंय तिथे भर घालायला सज्ज, पण उगीच कुठेही गठ्ठा न करणारा. अमेलोब्लास्ट पेशी नसल्या तरी स्फटिकांच्या झिजलेल्या कडा थोड्याफार पुन्हा भरल्या जातात त्या या लाळेमुळे. उडालेला टवका ती उगवून देणार नाही. पण हिऱ्याच्या टोकाला जो मायक्रोमीटरभर मऊपणा जाणवतो, तो भरून काढण्याइतकी तिची पोहोच नक्कीच आहे. तिच्यातले पेरॉक्सिडेझसारखे विकर जेलमधून गळणारं पेरॉक्साइडही मोडून टाकतात.

म्हणून प्रयोगशाळेतला आकडा वाचताना थोडं जपून वाचावं. काढून टाकलेली अक्कलदाढ, राळेत बसवलेली, सपाट खड्डा उमटावा म्हणून घासून गुळगुळीत केलेली. त्या घासण्यात इनॅमलचा सर्वांत वरचा, सर्वांत कठीण, आयुष्यभर फ्लोराइड शोषून पक्का झालेला थर निघून गेलेला असतो. भोवती वाहती लाळ नाही. अशा दातावर जेल टाकली की ती जास्तच इजा करणार. जिवंत तोंडातला दात इतका उघडा-वाघडा कधीच नसतो.

आता आंबटपणाकडे येऊ. चिंच किंवा कच्ची कैरी खाल्ली की दात आंबतात, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. पेरॉक्साइडने न होणारं काम आम्ल करतं. पेरॉक्साइड बाटलीत टिकावं म्हणून ते आम्लधर्मी ठेवणं कारखान्याला सोयीचं पडतं, त्यामुळे दवाखान्यात वापरायच्या काही तीव्र जेलचा पीएच ५.५ च्या खाली असतो. घरी ट्रेमध्ये वापरायच्या कार्बमाइड जेल बहुधा उदासीन असतात, युरियातून सुटणारा अमोनिया मदतीला असतो. काठिण्य उतरण्यात जेलची तीव्रता, वेळ आणि पीएच यांचा वाटा आहे. त्यातल्या पीएचकडे सामान्य माणसाचं लक्ष जात नाही, याची मला खरोखर खंत वाटते, कारण पुडक्यावर ठळक अक्षरात छापतात ती फक्त टक्केवारी.

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात यान-फांग रेन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही दातांवर ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं व्हाइटनिंग केलं आणि काही दात संत्र्याच्या रसात बुडवले. पेरॉक्साइड लावलेल्या दातांचा कठीणपणा लक्षात येण्याइतका बदलला नाही. संत्र्याच्या रसातल्या दातांचा कठीणपणा ८४ टक्क्यांनी कोसळला. हा प्रयोगही तोंडाबाहेरचा, लाळेविना, त्यामुळे नागपूरकरांनी संत्री सोडायची काहीच गरज नाही. पण दाताला खरा धोका कुठून आहे, हे या दोन आकड्यांच्या शेजारी शेजारी उभं राहण्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कशातून दिसत नाही.

आणि इथे मला आपल्याकडच्या एका घरगुती उपायाबद्दल कळकळीने बोलायचं आहे. लिंबाच्या फोडीवर मीठ किंवा खायचा सोडा घेऊन दात घासले की पांढरे होतात, हे आजही घरोघरी सांगितलं जातं, मोबाइलवर फिरतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीच. त्यात इनॅमलचा वरचा थर मऊ पडतो आणि मग खरखरीत मिठाने आपण तो ओरबाडून काढतो. पहिल्या दिवशी दात उजळ दिसतातच, कारण वरचा थर डागासकट निघालेला असतो. हळूहळू इनॅमल पातळ होतं, आतलं पिवळं डेंटिन जास्त दिसू लागतं, आणि माणूस आणखी जोराने लिंबू घासतो. दवाखान्यातल्या पेरॉक्साइडला घाबरणारे लोक लिंबाला निरुपद्रवी समजतात. रसायनशास्त्र नेमकं उलट सांगतं.

घासून पांढरं करण्याच्या बाकीच्या पद्धतींना मोस यांची उतरंड लावून पाहावी. टूथपेस्टमधला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू, तिसऱ्या पायरीचा, म्हणून तो इनॅमलवर ओरखडा काढू शकत नाही. विटेचा चुरा आणि वाळू यात क्वार्ट्झ असतं, ते सातव्या पायरीवर. पाचव्या पायरीच्या दाताला ते कोरत जातं. ग्रामीण महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालत आलेल्या राखुंडीत जर माती-वाळू मिसळलेली असेल तर तीच गोष्ट. भाजलेल्या तंबाखूची मिसरी तर दातही काळे करते आणि तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रणही देते. तिच्याबद्दल बोलताना मऊ शब्द वापरू नयेत. कोळशाच्या चकचकीत डब्यांचं वेगळं काही नाही, त्यात घर्षणाखेरीज उजळवणारी जादू नसते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या काही वाचकांसाठी थोडं वेगळं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. दात घडत असतानाच्या वयात याहून पुष्कळ जास्त फ्लोराइड पोटात गेलं की इनॅमलवर पांढुरके ठिपके आणि तपकिरी पट्टे उमटतात. दात हिरडीबाहेर येण्याआधीच हे घडून गेलेलं असतं, म्हणून अशा मुलामुलींना 'दात घासत नाही का?' असं हिणवणं फार क्रूर आहे. त्यांच्या इनॅमलचा बाहेरचा पापुद्रा पक्का असतो पण खालचा थर सच्छिद्र. ब्लीचिंगने तपकिरी रंग काहीसा फिका होतो, पांढरे ठिपके मात्र जात नाहीत, उलट सुरुवातीला अधिक उठून दिसू शकतात. अशा दातांवर कुणाच्या सांगण्यावरून घरी जेल लावू नये. दंतवैद्याकडे जाऊनच काय ते ठरवावं.

लग्नसराईत बरेच जण हळदीच्या आदल्या दिवशी व्हाइटनिंग करून घेतात. त्या दिवशी दात जितके पांढरे दिसतात तितके ते खरे पांढरे झालेले नसतात. तास-दीड तास तोंड उघडं ठेवून, लाळ दूर राखून दात कोरडे पडलेले असतात, आणि कोरडं इनॅमल जास्त पांढरं दिसतं. पुढच्या काही दिवसांत पाणी परत शोषलं गेलं की रंग थोडा खाली येतो. दात पांढरे करण्यासाठी दातांसमोर जो निळा दिवा लावतात, त्याने शेवटच्या रंगात फारसा फरक पडत नाही, असंच बहुतेक तुलनात्मक अभ्यास सांगतात. ब्लीचिंगनंतर दातात ऑक्सिजन काही काळ उरतो आणि तो नव्या कॉम्पोझिट फिलिंगचं चिकटणं कमकुवत करतो, म्हणून फिलिंग करायचं असेल तर दोनेक आठवडे थांबायला सांगतात. आधीची फिलिंग आणि कॅप यांचा रंग तर बदलतच नाही. समारंभाच्या निदान दोन-तीन आठवडे आधी हे काम उरकावं.

कुणी हे करूच नये, तेही सांगायला हवं. युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेली उत्पादनं फक्त दंतवैद्यांमार्फतच मिळतात, आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी ती वापरता येत नाहीत. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. हिरडी खाली सरकून मुळं उघडी पडली असतील, किडलेले दात असतील, इनॅमलला तडे असतील तर पेरॉक्साइड थेट डेंटिनवर आणि पल्पवर पोहोचतं, आणि डेंटिनमध्ये कोलॅजेन भरपूर असतं. तिथे राखेचा नियम लागू पडत नाही. गर्भवतींनी आणि बाळाला पाजणाऱ्या आईने हे पुढे ढकलावं. घाई काहीच नाही.

तर व्हाइटनिंगने दात मऊ पडतात का? योग्य निवडलेल्या जेलने, योग्य मुदतीत, निरोगी दातांवर केलं तर मायक्रोमीटरच्या अंशाएवढा बदल होतो किंवा होत नाही, आणि झाला तरी लाळ तो बहुतांशी भरून काढते. आंबट जेलने, सलग अनेक आठवडे, दुकानातून आणून मनाला येईल तितक्या वेळा केलं, तर होय, पडू शकतात. पुढच्या वेळी दंतवैद्याच्या खुर्चीत बसाल तेव्हा जेलमध्ये पेरॉक्साइड किती टक्के आहे हे जरूर विचारा, आणि त्याच दमात तिचा पीएच किती आहे हेही विचारा. साडेपाचच्या वरचा आकडा ऐकल्याशिवाय तोंड उघडू नका.